गुण्या, ओळंबा आणि एक अर्ज

“वहिनी, तुमची काही हरकत नाही ना?” तिघांतल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी चहाचा कप बशीत ठेवत विचारलं. फ्रीमेसन ही पुरुषांची एक जुनी बंधुसंघटना, आणि लॉज म्हणजे तिची शाखा. अशा एका लॉजच्या सभासदत्वासाठी मी अर्ज केला होता आणि रीतीप्रमाणे लॉजची तीन माणसं घरी आली होती. अर्जदार कसा राहतो, काय करतो, घरी सांगून आलाय की लपवून, हे ते पाहून घेतात. बायको पोह्यांच्या रिकाम्या बशा उचलत होती. ती थांबली आणि म्हणाली, “हरकत घ्यायची तर आत काय चालतं ते कळायला हवं. ते तुम्ही सांगणार नाही. मीच येऊन बघते म्हटलं तर मला घेणार नाही. मग मी हरकत घेऊ तरी कशावर?” आवाज चढलेला नव्हता. शाळेत मुलांना गणितातली चूक दाखवताना तिचा जसा आवाज असतो, तसा होता. ते गृहस्थ थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “खरं आहे तुमचं.” बाजू मांडली नाही, समजूत काढायला गेले नाहीत. निघताना तिला वाकून नमस्कार करून गेले. मला ते आवडलं. पण तिचं बोलणं त्यांच्याबरोबर जिना उतरलं नाही. ते घरातच राहिलं आणि तेव्हापासून माझ्या मागे लागलंय.

या वाटेला मी का लागलो, ते आधी सांगायला हवं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेवटच्या आजारात होते तेव्हाची गोष्ट. रक्त लागणार होतं, आणि लागणार होतं ते रात्रीच. फोनवर फोन करून मी थकलो होतो. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं लोकलचा एकच डबा धरला त्यांनाही फोन केले, बहुतेकांनी हळहळ व्यक्त केली. माझे एक जुने वरिष्ठ, तेव्हा निवृत्त झालेले पारशी साहेब, त्यांना मी फोन केला तो खरं तर नुसता कळवायला. त्यांनी रक्तगट विचारला आणि फोन ठेवला. तासाभरात दोन माणसं आली. एकाचं रंगाचं दुकान होतं, कच्छी माणूस, बोटांना अजून रंग लागलेला. दुसरे एका बँकेतले तमिळ गृहस्थ. दोघांनी रक्त दिलं, बाकावर बसून कॉफी घेतली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. ‘काही लागलं तर सांगा’ हेसुद्धा म्हणाले नाहीत. अण्णा पुढे फार दिवस राहिले नाहीत. सगळं आटोपल्यावर मी साहेबांना विचारलं, ती माणसं कोण होती? साहेब म्हणाले, “माझे ब्रदर आहेत.” मला वाटलं, हे काहीतरी चर्चचं प्रकरण असणार. मग कळलं, लॉजचं.

साहेबांनी त्यानंतर कधीही ‘तूही ये’ असं म्हटलं नाही. आम्ही भेटायचो, ब्रन-मस्का खायचो, राजकारणावर बोलायचो, आणि तो विषय मीच कधीतरी काढला तर ते विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचे. शेवटी एकदा मी सरळ विचारलं, मला येता येईल का? तेव्हा ते हसले. म्हणाले, “हे तू विचारायची वाट बघत होतो. आम्ही कुणाला बोलवत नाही. ज्याला यायचंय त्याने स्वतः विचारायचं असतं.” अर्जात तसं लिहूनही द्यावं लागतं, की मी कुणाच्या आग्रहाने आलेलो नाही आणि काही फायदा होईल या आशेनेही आलेलो नाही. हे दोन्ही लिहून देताना मला काही अडलं नाही. अडलं ते विचारण्यालाच. पन्नाशी ओलांडलेला माणूस ‘मला तुमच्यात घ्या’ असं कुणाला म्हणतो? नोकरी मागताना आपण पात्रता दाखवतो, मुलीच्या प्रवेशासाठी गुणपत्रिका दाखवतो. इथे दाखवायला काहीच नसतं. माणूस म्हणून मी तुमच्यात बसायच्या लायकीचा आहे का, एवढंच विचारायचं आणि गप्प राहून उत्तराची वाट पाहायची.

आमच्या वयाच्या पुरुषांना मित्र नसतात असं नाही. सोसायटीच्या कमिटीवरचे असतात, शाळेच्या बॅचचा ग्रुप असतो, सकाळी उठलं की फुलांचे फोटो येतात. पण यांतलं कुणीही आपल्याकडून काही अपेक्षा करत नाही. मी खोटं बोललो, उर्मट वागलो, आईला फोन करायचं टाळलं, तर मला ‘हे बरं नव्हे’ असं सांगायचा हक्क असलेला माणूस आता उरलेला नाही. अण्णा होते तोवर ते होते. ती जागा रिकामी झाली हे मला त्या माणसांना पाहिल्यावर जाणवलं, आणि खरं सांगायचं तर अर्जाचं मूळ तिथे आहे.

अण्णा पाथरवट. साताऱ्याकडचं गाव, तिथे आजोबांच्या हाताखाली टाकी, म्हणजे दगड घडवायची छिन्नी, धरायला शिकले, आणि तरुणपणी मुंबईला आले. आधी दगडाचं काम, मग दगड संपला आणि विटा-सिमेंट आलं तसं गवंडीकाम. घरात दाराच्या मागे त्यांची पिशवी असायची. तिच्यात थापी, काटकोन तपासायचा गुण्या, सपाटी पाहायची पाणसळ, दोन-तीन छिन्न्या, आणि सुतात गुंडाळलेला ओळंबा. ओळंब्याला हात लावायची आम्हाला बंदी होती. त्याचं सूत गुंतलं की ते सोडवत बसायचे, नवं लावायचे नाहीत. भिंत उभी राहत असताना दर दोन-तीन थरांनी ओळंबा सोडायचा, तो हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखल्यासारखं उभं राहायचं, मग एक डोळा मिटून पाहायचं. शाळेला सुटी लागली की मी त्यांच्याबरोबर जायचो, त्यामुळे हे पुष्कळ वेळा पाहिलंय. भिंत ओळंब्यात नसेल तर ते कुणाला शिव्या द्यायचे नाहीत. वरचा थर उतरवायचे. कंत्राटदार ओरडायचा, की प्लास्टरमध्ये झाकून जाईल. अण्णा म्हणायचे, “झाकंल. पर सरळ व्हनार न्हाई.”

१९९५ साली मुंबईत जुन्या इमारतींसाठी वारसा जतनाचे नियम आले आणि फोर्टातल्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीला दगड घडवता येणारी माणसं हवी झाली. अण्णांना उतारवयात पुन्हा टाकी हातात धरायला मिळाली. ते दिवस त्यांच्या आनंदाचे होते. परांचीवर बसून ते जुन्या कारागिरांच्या टाकीच्या खुणा बोटाने चाचपायचे आणि सांगायचे, हा डावखुरा होता, ह्याची टाकी बोथट होती. अशाच एका दुपारी डबा खाऊन ते पाय मोकळे करायला निघाले आणि सुखाडवाला रोडवर त्यांना एका इमारतीच्या दारावर एक खूण दिसली. गुण्या, आणि त्यावर उघडलेला कंपास. ते थबकले. त्यांनी आयुष्यात देवळांवर मोर पाहिले होते, बँकांवर सिंह पाहिले होते, पण आपल्या पिशवीतली वस्तू एवढ्या मानाने दारावर लावलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी वॉचमनला विचारलं, “ही गवंड्यांची सवसायटी हाय का? काम भेटंल का?” वॉचमन म्हणाला, बाबा, इथे साहेब लोक येतात.

घरी येऊन त्यांनी हे मला सांगितलं. मी तेव्हा नुकताच इंजिनिअर झालो होतो, मलाही त्या खुणेचा अर्थ माहीत नव्हता. अण्णा म्हणाले, “कोन का आसंनात, पर गुण्या लावलाय दारावर. आपलं काम ठाऊक आसंल त्यान्ला.”

आता मला ठाऊक आहे की त्यांना ते काम त्या अर्थाने ठाऊक नव्हतं. २४ जून १७१७ला लंडनच्या एका मद्यगृहात चार लॉजेस एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजेसची वरची संस्था, स्थापन झाली, तेव्हाच त्यांच्यात दगडाला हात लावणारे फारसे उरले नव्हते. मोठाली चर्च बांधणाऱ्या पाथरवटांच्या संघांची भाषा, त्यांची हत्यारं, शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद या त्यांच्या तीन पायऱ्या, हे सगळं या सभ्य गृहस्थांनी उचललं आणि माणूस घडवायच्या कामाला लावलं. मग कंपनीच्या गोऱ्यांबरोबर ते इकडे आलं. कलकत्त्यात १७३०मध्ये पहिली लॉज निघाली, पुढे मुंबईत निघाली. आणि दार बंद होतं. बंद म्हणजे आपल्यासाठी बंद.

ही हकीकत मी वाचली तेव्हा मला तिच्यातून बाहेर यायला वेळ लागला. माणकजी खरशेदजी हे मुंबईतले मोठे पारशी गृहस्थ. त्यांनी इथल्या लॉजमध्ये प्रवेश मागितला, नाकारला गेला. ते युरोपात गेले आणि पॅरिसच्या एका लॉजमध्ये रीतसर मेसन होऊन परत आले. इथे पुन्हा विचारलं, पुन्हा नकार. तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांनी १८४३मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज काढली, ती हिंदी माणसाला आत येता यावं म्हणूनच. पारशी आले, मुसलमान आले. हिंदूंचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. मेसन व्हायला एका परमेश्वरावर श्रद्धा लागते, हिंदू तेहेतीस कोटी मानतात, मग त्यांच्या शपथेवर विश्वास कसा ठेवायचा, असा आक्षेप होता. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त त्यावर नऊ वर्षं भांडले. नऊ वर्षं अर्ज, पत्रं, उत्तरं, वकिली युक्तिवाद. १८७२मध्ये ‘अँकर अँड होप’ या लॉजने त्यांना घेतलं. त्याच लॉजमध्ये १८८४च्या फेब्रुवारीत एकवीस वर्षांचा एक तरुण दाखल झाला, नरेंद्रनाथ दत्त. पुढे जग त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागलं. दत्तबाबू पाचव्या-सहाव्या वर्षी कंटाळून घरी बसले असते तर, हा विचार माझ्या मनात येऊन जातो.

मला हे इतकं लागलं त्याला कारण आहे. गावात आमच्या आळीच्या पलीकडे एक देऊळ आहे. त्याच्या पायऱ्या अण्णांनी आणि आजोबांनी घडवल्या. काळा दगड, एकेक पायरी एवढी नेटकी की पावसाचं पाणी तिच्यावर थांबत नाही. प्राणप्रतिष्ठा झाली त्या दिवशी घरातली सगळी माणसं नवे कपडे घालून गेली आणि खालच्या पायरीपर्यंतच गेली. पंगत वेगळी बसली. अण्णा हे सांगायचे ते कडवटपणाने नाही, सांगायचे ते पायऱ्यांबद्दलच, की अजून एकही हललेली नाही. कडवटपणा माझ्यात आहे. म्हणून ‘सभासदांव्यतिरिक्त प्रवेश नाही’ असं कुठेही वाचलं की माझे पाय आपोआप मागे वळतात. असा माणूस आपणहून एका बंद दाराशी जाऊन उभा राहतो, यात काहीतरी विसंगत आहे हे मला कळतं. साहेबांना मी हे सगळं सांगितलं. पायऱ्यांचं, वॉचमनचं. ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, “समितीला सांग हे. असंच सांग.” मी सांगितलं. तिघांपैकी एकाने विचारलं की पायरीला पाणी थांबू नये म्हणून उतार किती देत. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

अर्ज करण्याआधी मी लॉजचं सभागृह एकदा पाहिलं होतं. हल्ली बाहेरच्या लोकांना दाखवायचे दिवस ठेवतात. आपल्याकडे पुष्कळ गावांत लॉजच्या इमारतीला लोक भूतबंगला म्हणतात, कुठे जादूघर म्हणतात. रात्री उशिरा दिवे, बंद खिडक्या, काळे सूट घालून येणारी माणसं, म्हणून पडलेली नावं. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास. जुनं सागवान, पॉलिश, आणि न उघडलेल्या कपाटांचा कोंदट गारवा. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या चौकड्या. पूर्वेला मास्टरची, म्हणजे लॉजच्या प्रमुखाची, उंच खुर्ची. दाराबाहेर टायलरची, म्हणजे पहारेकऱ्याची, जागा. सभा चालू असताना तो उपसलेली तलवार घेऊन तिथे उभा असतो. मधल्या चौरंगासारख्या वेदीवर धर्मग्रंथ होते, एक नव्हे, बरेच. गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब, झेंद अवेस्ता. ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. आणि आत धर्मावर वाद घालायचा नाही, राजकारणावर तर नाहीच. हे शेवटचं ऐकून मला मोकळं वाटलं. आठवड्यातून निदान एक संध्याकाळ अशी असावी की समोरच्याचं मत कुणाला हे न कळताच त्याच्याशेजारी बसता येईल.

मग त्यांनी हत्यारं दाखवली. मखमलीच्या खोक्यात छोटी, चकचकीत, काही चांदीची. चोवीस इंची मोजपट्टी, हातोडा, छिन्नी. पुढच्या पायऱ्यांची गुण्या, पाणसळ, ओळंबा. ओळंब्याला रेशमी दोरा. ते पाहून माझ्या पोटात काहीतरी कालवलं. त्याला कधी चुना लागलेला नव्हता. त्याने कधी कुणाची भिंत उतरवली नव्हती. अण्णांची पिशवी दाराच्या मागे आणि हे मखमलीत, असं झालं मला, आणि मी तेव्हाच बाहेर पडलो असतो. पण हत्यारांबद्दल सांगणारे जे म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी थांबलो. हातात कागद नव्हता. चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास. त्यांतले काही प्रार्थनेला, काही कामाला आणि विसाव्याला, काही अडचणीतल्या माणसाला. हातोडा म्हणजे सदसद्विवेक, छिन्नी म्हणजे शिक्षण. खडबडीत दगड घ्यायचा आणि घडीव चिरा करायचा, आणि तो दगड म्हणजे आपण. ऐंशीच्या घरातला माणूस, एक शब्द न चुकता, एकेका शब्दावर वजन देत बोलत होता. नुसतं पाठ केलेलं नव्हतं ते. आयुष्यभर स्वतःला म्हणून दाखवलेलं होतं. अण्णांना हरिपाठ असाच यायचा. तिथे उभं राहून मला कळलं की या माणसाने दगड घडवला नसेल, पण ओळंबा सोडून बघायची सवय त्याला आहे.

अर्जात एक प्रश्न आहे: परमेश्वरावर तुमची श्रद्धा आहे का? कोणत्या, ते विचारत नाहीत. फक्त आहे की नाही. ‘नाही’ लिहिलं तर अर्ज तिथेच संपतो. दत्तबाबूंना ज्यावरून अडवलं तोच हा प्रश्न, आता माझ्यापुढे आलेला. मी पूजा करत नाही. तरुणपणी अंधश्रद्धेविरुद्धच्या सभांना जायचो, अजूनही त्या माणसांबद्दल मला आदर आहे. आमच्या घरात देव आहेत, ते बायकोचे. मी त्यांना नमस्कार करतो तो तिच्यासाठी. तेव्हा सहज ‘होय’ लिहून मोकळं होणं मला शक्य नव्हतं. आत जाण्यासाठी पहिलंच वाक्य खोटं लिहायचं तर मग आत जायचंच कशाला? तो कागद टेबलावर पडून राहिला. आजवर हा प्रश्न मला असा कुणी विचारलाच नव्हता. आपल्याकडे माणसाला जात विचारतात, कुलदैवत विचारतात, उपास कोणता करता ते विचारतात. श्रद्धा आहे का, हे कुणी विचारत नाही.

मी काय मानतो ते शोधता शोधता मी पुन्हा त्या भिंतीपाशीच आलो. भिंत वाकडी असते ती ओळंबा सोडला म्हणून नव्हे. कुणी पाहिलं नाही, प्लास्टर झालं, रंग दिला, लोक राहायला आले, तरी ती वाकडीच असते. म्हणजे सरळ काय ते मी ठरवत नाही, कंत्राटदार ठरवत नाही, बहुमतही ठरवत नाही. ते माझ्याबाहेर आहे आणि माझ्याआधीपासून आहे. एवढं मी अगदी आतून मानतो. मेसन लोक ईश्वराला विश्वाचा महान वास्तुशिल्पी म्हणतात. अण्णांना नकाशा वाचता यायचा नाही. साइटवर आर्किटेक्ट त्यांना वर्षातून एखाद्या वेळी दिसायचा, तोही लांबून. पण नकाशा आहे, आणि आपण घालतोय तो थर त्यात कुठेतरी आहे, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. ती खात्री माझ्यात उतरली आहे. मी ‘होय’ लिहिलं. समितीने विचारलं तेव्हा हेच सांगितलं आणि त्यांना ते पुरलं.

प्रत्येकाला हे पुरतंच असं नाही. माझा मडगावचा एक मित्र आहे, ऑफिसात शेजारी बसायचो, रविवारची मिस्सा न चुकवणारा. त्याला मी अर्जाबद्दल सांगितलं तर त्याने सगळं बारकाईने विचारून घेतलं आणि म्हणाला, “मला आवडलं असतं रे.” पण कॅथलिकांना चर्चने मनाई केलेली आहे, पोप बाराव्या क्लेमेंटनी १७३८मध्ये केली ती १९८३मध्ये रोमने पुन्हा स्पष्ट केली. लॉजचं दार त्याच्यासाठी उघडं आहे आणि तरी तो येऊ शकत नाही. त्याने चर्चबद्दल तक्रारीचा शब्द काढला नाही. मीही काढला नाही.

आणि बायकोचं काय? तिच्या बोलण्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. मी शोधलं नाही असं नाही. स्त्रियांना घेणारी मेसन संघटना आहे. १८९३मध्ये पॅरिसला निघाली, आणि ॲनी बेझंट १९०२मध्ये तिच्यात गेल्या, त्यांनी ती हिंदुस्थानात आणली. पण मी अर्ज केलेली लॉज त्या संघटनेला आपल्यातली मानत नाही. तिथे पुरुषच. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, पूर्वापार तसं आहे. पूर्वापार! हा शब्द ऐकला की मला देवळाची खालची पायरी दिसते. तोच युक्तिवाद माणकजींपुढे केला गेला, दत्तबाबूंपुढे केला गेला. माणकजींची एक गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्यांना लॉजच्या दारातून दोनदा परत पाठवलं त्या गृहस्थांनी १८६३मध्ये मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली, अलेक्झांड्रा. मुलींना इंग्रजी कशाला, हे म्हणणारे तेव्हा घरोघरी होते. शाळा आजही फोर्टात आहे. आपल्याला अडवलं म्हणजे काय हे ज्याला कळलं, त्याने दुसऱ्यांसाठी एक दार उघडलं. पण लॉजमध्ये बायकांना घ्या असं काही ते म्हणाल्याचं माझ्या वाचनात नाही. तेवढं दार राहून गेलं, ते आजवर.

बायकोला मी हे सगळं वाचून दाखवलं. ती वह्या तपासत होती. पेन खाली न ठेवता म्हणाली, “मला तिथे यायचंच आहे असं नाही. मला विचारलं का, एवढंच.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तुम्ही जा. अण्णा गेल्यापासून तुम्ही कुणाशी बोलत नाही. माझ्याशी बोलता ते वेगळं.” हे तिचं म्हणणं मी इथे लिहितोय कारण ते खरं आहे, आणि तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

आता मतदान राहिलंय. ते गुप्त असतं. एक लाकडी पेटी फिरवतात, प्रत्येक सभासद हात आत घालून गोळा टाकतो, पांढरा किंवा काळा. कुणाचा हात कुठे वळला हे शेजाऱ्यालाही दिसत नाही. इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या नियमांप्रमाणे चालणाऱ्या लॉजमध्ये तीन काळे पडले की अर्ज गेला, आणि लॉजने स्वतःचा नियम अधिक कडक केला असेल तर दोन किंवा एकही पुरतो. काळा का टाकला हे कुणी विचारायचं नाही, टाकणाऱ्याने सांगायचं नाही. आधी मला हे क्रूर वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. ज्यांच्याबरोबर आयुष्यभर बसायचं आहे त्यांच्यापैकी एकाच्याही मनात किंतु असेल तर तो आधीच कळलेला बरा. आत काय चालतं ते सगळं छापून आलेलं आहे, शेकडो वर्षांपासून, शोधलं तर मोबाइलवरही मिळतं. मी मुद्दाम वाचलेलं नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून नेतात एवढं ठाऊक आहे, आणि अंगावर धातूचं काही ठेवू देत नाहीत, अंगठीसुद्धा नाही. पुढचं मला तिथेच कळायला हवंय.

परवा रात्री जेवताना बायकोने विचारलं, “घेतलं तुम्हाला, आणि पुढे कधी तिथे बायकांना घ्यायचा विषय निघाला, तर तुम्ही कुठला गोळा टाकाल?”

“पांढरा.”

“हे त्या तिघांना माहीत आहे?”

त्यांनी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. असा निर्णय एका लॉजच्या हातात नसतो, विषय निघण्याची शक्यताही फार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मतदानाला बसणाऱ्यांना ते आधी कळलेलं असावं असं मला वाटतं. त्यामुळे एखादा काळा गोळा वाढला तर वाढू दे. मग मी पुन्हा अर्ज करीन, आणि त्यातही हे लिहीन. साहेब सकाळी लवकर उठतात. उद्या आठच्या आत त्यांना फोन करायचं मी ठरवलंय, कारण समितीचा अहवाल त्यांच्यामार्फत दुपारी जायचा आहे.